क्रॉसिंगला थांबलेली गाडी: हॉलच्या भिंतीवर कोकण रेल्वेचं एक स्टेशन

मॉडेल रेल्वेचा नाद लागलेला माणूस पहिली चूक हमखास एकच करतो. आठ बाय चारचं प्लायवूड आणतो, त्यावर रुळांचं कडं टाकतो आणि गाडी फिरवत बसतो. मीही तेच केलं. पहिल्या दिवशी घरातले सगळे जमले, दुसऱ्या दिवशी फक्त मुलं, तिसऱ्या दिवशी मी एकटा. महिन्याभरात त्या प्लायवर इस्त्रीला द्यायचे कपडे पडायला लागले. गाडी गोल फिरत होती, पण तिला कुठे जायचंच नव्हतं.

कोकणात रेल्वेने गेलेल्या माणसाला खरी गाडी वेगळी माहीत असते. एकेरी मार्ग. पॅसेंजर कुठल्याशा ‘अमुक रोड’ नावाच्या स्टेशनात लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर टाकलेली. (नावात ‘रोड’ असलं की गाव तिथून कोसभर तरी लांब, हे समजून चालायचं.) बाहेर पाऊस, आत घामट हवा, दारात उभा असलेला कुणीतरी दर पाच मिनिटांनी सिग्नल बघून सांगतोय, “क्रॉसिंग आहे.” मग समोरून एक्स्प्रेस धडधडत निघून जाते, आपला सिग्नल पडतो, डबे हलतात. ही जी थांबायची गंमत आहे ती मॉडेलमध्ये आणता आली, तर वर्षानुवर्षं कंटाळा येत नाही. पुढचं सगळं त्यासाठीच आहे: एक छोटं क्रॉसिंग स्टेशन, सोळा फुटी भिंतीवर मावेल असं.

काय बनवायचं ते आधी नक्की करा

स्थळ आणि काळ दोन्ही ठरवा, आणि ठरवलं की त्याला चिकटून राहा. माझं स्टेशन काल्पनिक आहे, नाव ‘आंबेखोल रोड’. विलवडे, आडवली, झाराप यांच्या जातीचं. काळ २००५चा श्रावण, गणपतीच्या जेमतेम आधीचा. या एका निर्णयाने पन्नास प्रश्न आपोआप सुटतात. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२मध्ये पुरं झालं, म्हणजे माझ्याकडे वर तारा नाहीत आणि खांबही नाहीत. इंजिनं डिझेल. डबे आयसीएफचे (चेन्नईच्या कारखान्यातले जुन्या पद्धतीचे), निळे. गाड्यांचे नंबर चार आकडी, कारण पाच आकडी नंबर डिसेंबर २०१०मध्ये आले. गवत हिरवंगार, माती लाल आणि ओली. सिग्नल रंगीत दिव्यांचे. वरखाली होणाऱ्या हाताचे जुने सिग्नल कितीही देखणे असले तरी या मार्गावर शोभणार नाहीत. दुकानात काही आवडलं तरी ‘२००५च्या श्रावणात हे इथे असतं का?’ एवढंच विचारायचं. खिशालाही बरं पडतं.

आता प्रमाण. एचओ म्हणजे १:८७, आणि त्याचे रूळ १६.५ मिमी अंतराचे. हे अंतर परदेशी १४३५ मिमी गेजचं आहे. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणजे १:८७मध्ये १९.३ मिमी व्हायला हवं. थोडक्यात, एचओच्या तयार रुळांवर भारतीय गाडी उभी केली की ती पावणेतीन मिलिमीटर अरुंद रुळांवर उभी असते. समोरून बघितलं तर कळतं, बाजूने अजिबात नाही. मी ते सोडून दिलंय. पण तुम्हाला ही गोष्ट रात्री झोपू देणार नसेल तर एक पळवाट आहे: बार्शी लाईट किंवा शकुंतला, या जुन्या नॅरोगेज मार्गांपैकी एक करा. त्यांचं गेज ७६२ मिमी होतं, १:८७मध्ये पावणेनऊ मिमी, आणि ९ मिमीचे रूळ बाजारात तयार मिळतात.

भारतीय गाड्यांची तयार मॉडेलं मोजकीच असतात. छोटे कारागीर थोड्या प्रमाणात करतात, हल्ली थ्री-डी प्रिंट केलेले सांगाडे मिळतात, त्यांना परदेशी चाकं-मोटर बसवायची. सुरुवातीला एक डिझेल इंजिन, तीन डबे आणि चार वाघिणी (मालाचे डबे) पुरतात. बाकीचं हळूहळू.

मापाचा हिशेब

कोकण रेल्वेवरचं सगळ्यात तीव्र वळण १२५० मीटर त्रिज्येचं. १:८७मध्ये त्याची त्रिज्या होते साधारण १४.४ मीटर. तुमच्या हॉलमध्ये ते मावत नाही, माझ्याही नाही. म्हणून मी स्टेशनात वळण घेतलंच नाही. सगळं सरळ, फक्त फळीच्या कडेला समांतर न ठेवता रूळ एका टोकाला तीन-चार सेंटिमीटर आत ओढलेत. एवढ्याशा तिरकेपणाने ‘फळीवर चिकटवलेली पट्टी’ हा भाव जातो. कोपऱ्यातून वळवणं भागच असेल तर त्रिज्या ६० सेंमीच्या खाली नेऊ नका, ७५ मिळाली तर उत्तम. आयसीएफचा डबा बफर धरून २२.३ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये २५६ मिमी. तो ४५ सेंमीच्या वळणावर घातला तर मधला भाग आतल्या बाजूला असा लोंबतो की शेजारच्या रुळावरची गाडी सोलून निघते.

माझी मांडणी अशी: मधे १२० बाय ४५ सेंमीचे दोन तुकडे, म्हणजे स्टेशन २४० सेंमी. दोन्ही बाजूंना १२० सेंमीची एकेक ‘विंग’. नाटकासारखंच. गाडी विंगेतून येते, रंगमंचावर थांबते, दुसऱ्या विंगेत जाते. एका विंगेवर ‘रत्नागिरी’ लिहिलंय, दुसरीवर ‘कणकवली’. विंगा एरवी काढून कपाटामागे ठेवतो, स्टेशन मात्र भिंतीवर कायम.

स्टेशनात मेन लाइन, एक लूप आणि मालासाठी एक छोटी सायडिंग. लूपमध्ये किती मावतं ते कागदावर काढल्याशिवाय रूळ विकत घेऊ नका. २४० सेंमीतून दोन्ही टोकांचे १५-१५ सेंमी सोडा. मध्यम सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा तुकडा) सुमारे २२ सेंमीचा, असे दोन. त्यापुढे दोन रुळांवरच्या गाड्या एकमेकींना घासणार नाहीत इतकं अंतर पडेपर्यंत दोन्हीकडे २०-२० सेंमी जातात. उरले सव्वाशे सेंटिमीटर. खऱ्या लूपमध्ये जवळजवळ ७०० मीटरची मालगाडी उभी राहते, म्हणजे मॉडेलमध्ये आठ मीटर. आपल्याकडे तीन डबे आणि इंजिन. चार डबेही बसतात, अगदी काठोकाठ, पण मग चालवणाऱ्याला चार सेंटिमीटरची सवलत उरते आणि पाहुण्यांसमोर फजिती होते. तीनच धरा. जिथे दोन रूळ एकमेकांपासून पुरेसे लांब होतात, तिथे खऱ्या रेल्वेत पांढरा रंगवलेला फाउलिंग मार्क असतो, तुम्हीही लावा. नुसती शोभा नाही ती, गाडी त्याच्या आत थांबली की नाही हे रोज बघावं लागतं.

सांगाडा

९ मिमीचं प्लाय, खाली पाइनच्या पट्ट्यांची चौकट, वर २५ मिमीचा एक्सपीएस, म्हणजे घट्ट, बिनदाण्यांचा फोम. साधा दाणेदार थर्माकोल नको, कापताना घरभर उडतो आणि दाबला की बसतो. प्लायला दोन्ही बाजूंनी आणि मुख्य म्हणजे कडांना ऑइल पेंट किंवा सीलर मारा. एकच बाजू रंगवलेला माझा पहिला प्लाय जुलैमध्ये असा वाकला की गाडी स्टेशनातून आपोआप बाहेर पडायची.

उंची सव्वाचार फूट ठेवा. मॉडेल वरून बघितलं की खेळणं दिसतं, डोळ्यांच्या पातळीवर आलं की गाव दिसतं. सोफ्याच्या वर लावलं तर उभं राहून चालवता येतं आणि सोफाही वाचतो.

विंगेसाठी फर्निचरच्या ड्रॉवरचे चॅनल घ्या, ४५ सेंमीचे. त्यावर तीन रुळांची फळी बसवा आणि ती मागेपुढे सरकवा. एकही सांधा न लावता तीन गाड्या उभ्या राहतात. स्टेशनचे रूळ आणि विंगेचे रूळ तंतोतंत जुळावेत म्हणून पितळी टॉवर बोल्ट लावा. कडी सरकवली की फळी जागेवर अडकते, आणि त्याच कडीतून वीजही नेता येते.

रूळ आणि वीज

फ्लेक्सी ट्रॅक, म्हणजे हवा तसा वाकणारा रूळ, पेको कंपनीचा मिळतो, ९१४ मिमी लांबीचा. कोकण रेल्वेसाठी काँक्रीट स्लीपरवाला (स्लीपर म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) घ्या. खाली ३ मिमी कॉर्क. रूळ जोडताना दोन तुकड्यांत अर्ध्या मिलिमीटरची फट सोडा. रूळ तापून वाढतात त्यापेक्षा खालचं लाकूड पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात आक्रसतं, हे मोठं कारण. फट न ठेवता जोडलेला रूळ मे महिन्यात उभा वाकलेला मी पाहिलाय.

रूळ टाकल्यावर एक वाघीण बोटाने ढकलत नेऊन बघा. प्रत्येक जोडावर नख फिरवा. नखाला लागलं तर चाकाला लागणारच. खडी टाकल्यावर दुरुस्ती करणं म्हणजे नवीन टाइल्स फोडून नळ बदलण्यासारखं आहे.

वीज पुरवताना जोडपट्ट्यांवर विसंबू नका. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून आपली तार हवी. मुख्य तार घरच्या वायरिंगची दीड स्क्वेअर मिमीची, दोन रंगांत. तिला रुळांकडून येणाऱ्या बारीक तारा जोडायच्या. रुळाची बाहेरची बाजू पॉलिश पेपरने घासून फ्लक्स लावा, रुळाला आणि तारेला आधी स्वतंत्रपणे सोल्डर चढवा, मग दोन्ही टेकवून दोन सेकंद. त्याहून जास्त वेळ लागला तर स्लीपर वितळतो. दोन्ही बाजूंना ओल्या कापसाचे बोळे ठेवले की उष्णता तिथेच अडते.

सांध्यातला फ्रॉग (दोन रूळ एकमेकांना छेदतात तो टोकदार भाग) धातूचा असेल तर सांधा फिरला की त्याचा ध्रुवही बदलावा लागतो, नाहीतर शॉर्ट. फ्रॉगच्या पुढच्या दोन्ही आतल्या रुळांना प्लास्टिकच्या जोडण्या लावा. मग सांध्याची पाती, म्हणजे सरकणारे टोकदार रूळ, हलवायला खालून साधा स्लाइड स्विच आणि तारेचा दांडा वापरा. एकाच हालचालीत पातीही सरकतात आणि फ्रॉगचा पुरवठाही बदलतो. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी हे स्विच मूठभर मिळतात. महागड्या मोटरींचं काम झालं.

डीसी (साधा पुरवठा) की डीसीसी (डिजिटल नियंत्रण), यावर माणसं रात्र रात्र वाद घालतात. डीसीसीमध्ये प्रत्येक इंजिनाला स्वतःचा पत्ता असतो, एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालतात, आवाज आणि दिवे येतात. छान आहे. पण क्रॉसिंग स्टेशनात मुळात एक गाडी थांबलेली असते आणि दुसरी चालते! त्यामुळे साधा १२ व्होल्टचा डीसी कंट्रोलर आणि लूपला, मेनला, सायडिंगला एकेक स्विच एवढ्यावर सगळं चालतं. लूपचा स्विच बंद, पॅसेंजर मेल्यासारखी उभी. मी चार वर्षं असंच चालवलं. वायरिंग मात्र पहिल्यापासून जाड ठेवा, पुढे डीसीसीकडे गेलात तर उकरावं लागत नाही.

खडी, जांभा, गवत

खऱ्या रुळांखालची खडी २० ते ६५ मिमीची, मॉडेलमध्ये पाव ते पाऊण मिलिमीटरची. विकतची मिळते, पण बांधकामाची क्रश सँड दोन चहाच्या गाळण्यांतून चाळली की तोच काळा दगड हातात येतो. धुवा, वाळवा, आणि मग त्यावरून लोहचुंबक फिरवा. हे विसरू नका. आपल्या काळ्या कातळात लोखंडी खनिजाचे कण असतात. मी न फिरवता खडी टाकली आणि तिसऱ्या दिवशी इंजिन कण्हायला लागलं. उघडलं तर मोटरच्या चुंबकाला काळी दाढी आलेली. नंतर कुतूहल म्हणून वाटीभर वाळूवरून चुंबक फिरवला, तर टोकावर करंगळीच्या नखाएवढा पुंजका जमला.

खडी पसरून मऊ ब्रशने स्लीपरच्या खाली उतरवा, रुळाच्या आतल्या बाजूला एकही कण नको. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फवारा मारून ओली करा. फेविकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. हे मिश्रण सिरिंजने थेंब थेंब सोडा. सांध्यापाशी हात आवरता घ्या. पातींखाली फेविकॉल गेला की सांधा कायमचा ‘मेन लाइनला सेट’.

कोकण दाखवायचं तर खरं काम जांभ्याचं. स्टेशनमागचं कटिंग एक्सपीएसमध्ये ब्लेडने कापा, सपाट नाही, खडबडीत, आणि तारेच्या ब्रशने टोचून टोचून सच्छिद्र करा. रंग एकच लाल मारलात तर विटांची भिंत दिसेल. आधी गडद तपकिरी, मग कोरड्या ब्रशने गेरूसारखा लाल, टोकांवर पिवळसर मातकट, आणि पावसाळा आहे म्हणून खाचांत काळपट शेवाळ. कंपाउंडला चिरे रचलेली भिंत असेल तर चिऱ्यांच्या रेघा बोथट बॉलपेनने दाबून काढता येतात.

गावाहून येताना जांभ्याचा मुठीएवढा तुकडा आणा. कानशीने घासा, पूड खलबत्त्यात कुटा आणि जुन्या मलमलच्या फडक्यातून गाळा. ओढणीला लागला तर निघत नाही असा तो बारीक लाल भुकटा काचेच्या बाटलीत भरून ठेवा. जमिनीसाठी तर तो लागतोच, पण पुढे गाड्या रापवताना त्याच्याइतकी खरी पावडर कुठल्याच परदेशी डबीत नाही. गोंदाने ओली झाली की माती दोन छटा गडद होते आणि सुकल्यावरही थोडी तशीच राहते, म्हणून आधी टाकाऊ फळीवर बघा.

गवतासाठी स्थिर विजेने उभे राहणारे तंतू मिळतात. काही मंडळी डास मारायच्या रॅकेटमधून तंतू उभे करायचं यंत्र बनवतात. चालतं, पण बंद केल्यावरही त्यात झटका शिल्लक असतो, तेव्हा हात लावायच्या आधी तारा एकमेकींना टेकवून मोकळा करा आणि मुलांच्या हातात देऊ नका. माडांबद्दल एकच: माड आपण नेहमी बुटके करतो. पंधरा मीटरचा माड मॉडेलमध्ये १७ सेंमी होतो, डब्याच्या उंचीच्या कितीतरी वर.

फलाट उंच करायचा असेल तर रुळाच्या वर साडेनऊ मिमी आणि रुळाच्या मध्यरेषेपासून कड २० मिमीवर. चिकटवण्याआधी सर्वांत रुंद डबा एकदा बाजूने नेऊन बघा.

गाडी रापवणं

डबीतून काढलेली गाडी नव्या नवरीसारखी चकचकीत असते. तिला उन्हापावसात रापवल्याशिवाय ती आंबेखोलला शोभत नाही. इंग्रजीतला ‘वेदरिंग’ शब्द सगळे वापरतात, मला ‘रापवणं’च बरोबर वाटतं, कारण त्यात हवा, ऊन आणि काळ तिन्ही आले.

सुरुवात रंगाने नाही, बघण्याने. स्टेशनात उभे राहा आणि डब्याकडे बघा. मळ चार ठिकाणांहून येतो. खालून उडालेली माती, पावसात लाल चिखलाचे शिंतोडे, चाकांपासून पायऱ्यांपर्यंत. ब्रेकमधून झडलेली धूळ, बोगीवर (डब्याखालच्या चाकांच्या गाड्यावर) आणि खालच्या सांगाड्यावर तपकिरी थर. वरून धूर आणि पाण्याचे ओघळ. आणि चौथा, माणसांचा: दाराच्या दांड्यापाशी हाताळून तेलकट झालेला काळा पट्टा, शौचालयाच्या खाली गंजाची धार, आणि खिडकीखाली पानाच्या पिचकाऱ्या. पिचकारी सरळ खाली जात नाही, वाऱ्याने मागे तिरकी ओढली जाते. गाडी दोन्ही दिशांनी धावते म्हणून तिरकेपणही दोन्हीकडे. अर्थात हा रंग सुईच्या टोकाने, डब्याला एक किंवा दोन. तीन झाले की विनोद होतो.

पहिला हात स्वस्त वाघिणीवर बसवा, बीसीएन, म्हणजे बंद छताची वाघीण बरी. सगळ्यात आधी चमक घालवायची, मॅट व्हार्निशचा हलका फवारा. पाऊस पडत असताना फवारू नका. दमट हवेत व्हार्निश पांढुरकं धरतं आणि वाघिणीवर बुरशी आल्यासारखं दिसतं. माझी ही सगळी कामं ऑक्टोबर ते मे.

व्हार्निश पुरतं सुकल्यावर धुवण. काळा आणि बर्न्ट अंबर अ‍ॅक्रिलिक, दहापट पाणी, लिक्विडचा एक थेंब. एका बाजूला सगळीकडे लावा, मिनिटभर थांबा आणि जेमतेम ओल्या सुती फडक्याने वरून खाली पुसा. नेहमी वरून खाली, कारण पाऊस आडवा वाहत नाही. खाचांत रंग राहतो, सपाट पत्र्यावर फिकट ओघळ उरतात. एका वेळी एकच बाजू. वाघीण आडवी ठेवलीत तर रंग डबक्यासारखा साचून कडा पडतात.

गंजासाठी तैलरंग. बर्न्ट सिएनाचे टाचणीएवढे ठिपके दाराच्या पट्टीवर, रिव्हेटच्या रांगेत, पायरीच्या कोपऱ्यात. पाच मिनिटांनी टर्पेंटाइनमध्ये बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा केलेला ब्रश घ्या आणि ठिपका खाली ओढा. एक ओढ. आवडली नाही तर पुसा. तैलरंग तासभर दुरुस्ती करू देतो, म्हणूनच तो वापरायचा. अ‍ॅक्रिलिक इतका दयाळू नाही.

आता तो जांभ्याचा भुकटा. मऊ ब्रशने बोगी, सांगाडा आणि बाजूच्या खालच्या तीनेक मिलिमीटरवर थापटत लावा, वर जाताना विरळ होत गेला पाहिजे. वरून पुन्हा मॅट व्हार्निशचा एक पुसट थर. त्याने निम्मी धूळ दिसेनाशी होते, म्हणून आधीच हात थोडा सैल सोडावा. चाकांच्या बाहेरच्या बाजू मळकट तपकिरी, पण रुळावर टेकणारी कड चकचकीतच राहू द्या. रंग लागला तर वीज बंद.

एक बारकावा मला फार आवडतो. वाघिणीवर दुरुस्तीची तारीख रंगवलेला छोटा चौकोन असतो. वाघीण कितीही मळकी असली तरी तो ताजा असतो, कारण कारखान्यातून परत येताना तोच नव्याने रंगवलेला. मळवण्याआधी तेवढा भाग मास्किंग टेपने झाका, शेवटी काढा. बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण वाघीण खरी वाटते. तसंच रेकमध्ये (डब्यांच्या अख्ख्या रांगेत) एखादा डबा नुकताच दुरुस्तीहून आलेला, स्वच्छ निळा ठेवा. सगळे सारखे मळके म्हणजे सगळे सारखे नवेच.

इंजिनाला हात शेवटी लावा. धुराड्याच्या भोकाभोवती काजळी, छताला मागे फिकट होत जाणारी. डिझेल भरायच्या तोंडाखाली एक चमकदार ओघळ, तिथे मॅट नको, ग्लॉस. बास.

चालवणं

इथे बरेच जण थांबतात. मॉडेल झालं, फोटो काढले, वर फडकं टाकलं. माझ्या मते खरी मजा इथून पुढे आहे, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

आधी वेग. खऱ्या ७५ किलोमीटरच्या वेगाची गाडी एचओमध्ये सेकंदाला २४ सेंमी जाते. म्हणजे न थांबणारी एक्स्प्रेस तुमचं स्टेशन दहा सेकंदांत पार करते. लूपमध्ये शिरणारी गाडी १५ किलोमीटरने यायला हवी, सेकंदाला पाच सेंमीपेक्षाही कमी, अख्ख्या लूपला पंचवीस सेकंद. पहिल्यांदा हे असह्य हळू वाटतं. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून सराव करा, आठवड्यात हाताला सवय होते. पावसाळी वेळापत्रक लागू असेल तर एक्स्प्रेसही हळू.

घड्याळ चौपट वेगाचं करा. दीड तासाच्या बैठकीत सहा तासांची वाहतूक होते. गाड्यांचे पत्ते बनवा, प्रत्येकावर एक गाडी: कुठून, कुठे, किती वाजता, कोणत्या रुळावर. माझ्याकडे पॅसेंजर, दोन एक्स्प्रेस, सिमेंटच्या दोन वाघिणी आणि रो-रो. ही कोलाड-वेर्णा रो-रो १९९९पासून धावते आहे, आणि मॉडेलसाठी तिच्यासारखी गाडी नाही: सपाट बीआरएन वाघिणींवर भरलेले ट्रक, ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हर-क्लीनर. ट्रक घेताना १:८७चेच घ्या, १:७२चे गाडीवर हत्ती चढवल्यासारखे दिसतात. गणपतीचे पत्ते वेगळ्या रंगाचे ठेवलेत. ते गठ्ठ्यात मिसळले की स्पेशल गाड्या अवेळी उगवतात आणि पॅसेंजरचं काही खरं नसतं.

दोन माणसं हवीत. एक ड्रायव्हर, एक स्टेशन मास्तर. तिसरं मिळालं तर विंगेतलं पुढचं स्टेशन त्याच्याकडे. गाडी सोडायची तर आधी पुढच्या स्टेशनाकडे लाइन क्लिअर, म्हणजे गाडी पाठवायची परवानगी मागायची. पुढचा मास्तर बघतो, शेवटची गाडी त्याच्याकडे पुरती आली आहे का, रूळ मोकळा आहे का, आणि मगच परवानगीची खूण म्हणून प्रायव्हेट नंबर देतो. खऱ्या रेल्वेत या नंबरांचा उलटसुलट क्रमाचा छापील तक्ता असतो, नंबर दिला की खोडायचा. दोघांनी तो रजिस्टरात लिहायचा, म्हणजे ‘तू हो म्हणाला होतास’, ‘मी कधी म्हणालो’ हा प्रश्नच नाही. मी तक्ता घरी छापतो. साध्या वहीवर रकाने आखले की रजिस्टर तयार: गाडी, लाइन क्लिअर कधी, नंबर काय, आली कधी, गेली कधी.

क्रॉसिंगचा क्रम पाठ करा. रत्नागिरीहून पॅसेंजर येतेय. सांधा लूपला, सिग्नल, गाडी आत, फाउलिंग मार्कच्या आत उभी. लूपचा स्विच बंद. सांधे मेनला. कणकवलीला लाइन क्लिअर द्या, एक्स्प्रेस येऊ द्या, थांबू न देता जाऊ द्या. ती रत्नागिरीला पोचल्याचं कळेपर्यंत मागचा सेक्शन, म्हणजे दोन स्टेशनांमधला रूळ, अडलेला. इकडे पॅसेंजरसाठी कणकवलीकडे लाइन क्लिअर मागा, आणि तेवढ्यात पत्त्यांच्या गठ्ठ्यातून गणपती स्पेशल निघते. पॅसेंजर पुन्हा लूपलाच.

आणि प्रत्येक गाडीच्या शेवटी एलव्हीची पाटी. शेवटचं वाहन. नखाच्या निम्म्या आकाराचा कागद, शेवटच्या डब्याला अडकवायचा. गाडी आल्यावर मास्तरने ती स्वतः डोळ्यांनी बघायची. पाटी दिसली नाही तर गाडी पूर्ण आली असं धरायचं नाही, मागचा सेक्शन मोकळा करायचा नाही. मला वाटायचं हे जरा जास्तच झालं, मॉडेलमध्ये काय गरज.

गेल्या श्रावणात माझा बारा वर्षांचा भाचा स्टेशन मास्तर होता. मी रो-रो घेऊन आलो, मेनला उभी केली आणि पुढचा सिग्नल मागितला. तो रजिस्टरवर पेन्सिल टेकवून बसला. “मामा, एलव्ही दिसत नाही.” मी म्हटलं, पडली असेल कुठे, गाडी समोर उभी आहे ना. “गाडी पूर्ण आलेली नाही. रत्नागिरीचा सेक्शन मी क्लिअर करणार नाही.” घड्याळ चौपट वेगाने पळत होतं, लूपला पॅसेंजर, पलीकडे बहीण चहा घेऊन उभी. शेवटी वैतागून मी विंगेचं फडकं उचललं. शेवटचा बीआरएन, त्यावरचा ट्रक आणि गार्डचा डबा, पाटीसकट, तिथेच उभे होते. कपलिंग निघालं होतं. त्याने रजिस्टरात वेळ टाकली, इंजिन मागे न्यायची परवानगी दिली, आणि पॅसेंजर आणखी वीस मिनिटं क्रॉसिंगला थांबली.